घाम किती गेला ते काट्यावर बघा

परभणी-नांदेडकडं एप्रिल-मे महिन्यात सकाळी साडेसहाला ग्राउंडवर उतरलेला पोरगा आठ वाजता परततो, तेव्हा त्याचा टी-शर्ट बऱ्याचदा कोरडाच असतो. पाठीवर मिठाचे पांढरे वळे तेवढे उमटलेले असतात. "आज घामच आला नाही," असं तो सांगतो. मृगाचा पाऊस पडून गेला की तोच पोरगा तेवढंच धावून निथळत येतो आणि "आज लई घाम गेला" म्हणतो. दोन्ही वेळा त्याचा अंदाज फसण्याची शक्यता मोठी आहे. कोरड्या हवेत घाम कातडीवर येतो न येतो तोच उडून जातो. दमट हवेत तो उडत नाही, ओघळतो, म्हणून नजरेला जास्त दिसतो. शरीर थंड करण्याचं काम मात्र उडालेलाच घाम करतो. एक लिटर घाम पूर्ण उडाला तर सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. टपकून मातीत पडला तो फुकट गेला.

म्हणून घाम नजरेनं मोजायचा नाही, वजनानं मोजायचा. खेळाडूंवरच्या संशोधनात हीच पद्धत वापरतात आणि ती तालुक्याच्या मैदानावरही नीट जमते. एक किलो वजन कमी झालं म्हणजे जवळपास एक लिटर पाणी गेलं. तास-दीड तासाच्या सरावात श्वासातून जाणारी वाफ आणि जळालेलं इंधन यांचा वाटा थोडा असतो, तो सोडून दिला तरी चालतो.

काटा

सगळा हिशेब काट्यावर उभा आहे, त्यामुळं इथं घाई नको. तासाभरात वजन एखाद्या किलोनं उतरतं. काटाच अर्धा किलो इकडंतिकडं करत असेल तर हाती काहीच लागत नाही. स्प्रिंगचा जुना बाथरूम काटा त्यामुळं बाद. निदान 100 ग्रॅमचा फरक दाखवणारा डिजिटल काटा हवा, 50 ग्रॅमचा मिळाला तर उत्तम. ओळखीच्या आडतीवरचा इलेक्ट्रॉनिक प्लॅटफॉर्म काटा सकाळी बाजार सुरू व्हायच्या आधी तासभर मिळाला, तर घरगुती काट्यापेक्षा तो कधीही बरा.

काटा मातीवर, सतरंजीवर किंवा गवतावर ठेवू नका. शहाबादी फरशीचा सपाट तुकडा घ्या, तो हलत नाही ना ते बघा आणि त्यावर काटा मांडा. एकाच माणसाला तीनदा उतरवून चढवा. आकड्यांत 100 ग्रॅमपेक्षा जास्त फरक पडला तर तो काटा सोडा. मग त्याच माणसाच्या हातात एक लिटर पाण्याची भरलेली बाटली द्या. आकडा एक किलो आणि वर बाटलीचं वजन, एवढाच चढला पाहिजे. काटा सगळ्यांनाच 300 ग्रॅम जास्त दाखवत असेल तरी बिघडत नाही, कारण आपल्याला आधीचा आणि नंतरचा फरक हवा आहे. तो फरक खरा निघाला म्हणजे झालं.

घरगुती डिजिटल काट्यांची एक खोड माहीत असू द्या. त्यांतले काही काटे मागचा आकडा लक्षात ठेवतात आणि नवीन वजन त्याच्या जवळपास असलं की जुनाच आकडा पुन्हा दाखवतात. तीनदा उभं राहून तीनदा तंतोतंत एकच आकडा आला तर खूश होऊ नका. मध्ये पाण्यानं भरलेली बादली ठेवून काढा आणि मग पुन्हा उभे राहा.

शिवाय स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल, बाटल्या मोजायला. वही आणि घड्याळ लागेलच. आणि दोन साधे प्रयोगशाळेतले तापमापक. तापाचा थर्मामीटर इथं कामाचा नाही.

मोजमाप

आधी लघवी करून यायचं. मग अंग कोरडं ठेवून, कमीत कमी कपड्यांत वजन. मुलांचं अंतर्वस्त्रावर, मुलींचं बंद खोलीत मॅडमच्या हाताखाली. ते शक्य नसेल तर कोरड्या कपड्यांचा एक जोड बाजूला ठेवा आणि आधी-नंतर तोच कोरडा जोड घालून वजन घ्या. घामानं भिजलेल्या टी-शर्ट, मोज्यांसकट वजन घेणं ही सर्वांत जास्त होणारी चूक आहे. घाम अंगातून गेलेला असतो, पण कपड्यांत अडकून काट्यावर परत येतो. मग गेलेला घाम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

प्रत्येकाची बाटली वेगळी, तिच्यावर नाव, आणि सुरू होण्याआधी छोट्या काट्यावर तिचं वजन. एकमेकांच्या बाटलीतून पिणं बंद. डोक्यावर ओतायचं पाणी वेगळ्या बादलीतून घ्यायचं, नाहीतर ते प्यायलेलं म्हणून वहीत चढतं. मध्ये केळं किंवा चिक्की खाल्ली तर तिचंही वजन लिहा. मध्ये लघवीला जावं लागलं तर जाण्याआधी आणि आल्यावर वजन घेणं हे मोजपात्रापेक्षा सोपं पडतं. तेवढा वेळ मात्र एकूण वेळेतून वजा करा.

सराव नेहमीचाच ठेवा, निदान 45 मिनिटांचा. मोजमाप आहे म्हणून जोर लावून धावलं तर आकडा त्या दिवसापुरताच खरा. संपल्यावर टॉवेलनं डोक्यापासून पायापर्यंत पुसायचं, केस विसरायचे नाहीत, आणि दहा मिनिटांच्या आत वजन. वजन होईपर्यंत पाणी नाही.

उदाहरण घ्या. आधीचं वजन 61.4 किलो, नंतरचं 60.3. बाटली 450 ग्रॅमनं हलकी झाली. लघवी नाही, खाणं नाही. वेळ 50 मिनिटं. वजनातला फरक 1.1, त्यात प्यायलेलं 0.45 मिळवलं की एकूण घाम 1.55 लिटर. त्याला 50 नं भागून 60 नं गुणलं की ताशी सुमारे 1.86 लिटर. खाल्लं असेल तर तेही मिळवायचं, लघवी झाली असेल तर ती वजा करायची. याशिवाय एक आकडा वेगळा काढा: 1.1 भागिले 61.4, म्हणजे 1.8 टक्के. वजनाच्या 2 टक्क्यांपेक्षा जास्त पाणी गेलं की उन्हातल्या लांब पल्ल्याच्या कामगिरीवर परिणाम दिसू लागतो. रक्तातलं पाणी कमी होतं, त्याच वेगाला हृदयाचे ठोके जास्त पडतात आणि अंग लवकर तापतं. आपला पोरगा त्या रेषेच्या अलीकडं आहे, पण फार अलीकडं नाही.

हवेचा आकडा

मोबाईलवरचं तापमान जिल्ह्याच्या ठिकाणचं असतं, तुमच्या मैदानाचं नाही. दोन्ही तापमापक आधी सावलीत शेजारी टांगा आणि सारखाच आकडा दाखवतात ना ते पाहा. मग एकाच्या फुग्याला धुतलेल्या मलमलीची पट्टी गुंडाळा, पट्टी पाण्यात भिजवा आणि दोन-तीन मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घाला. ओल्याचा आकडा उतरत उतरत थांबतो, तिथं वाचा. पट्टी खळीची किंवा तेलकट असेल तर पाणी नीट उडत नाही आणि आकडा चढाच राहतो.

मे महिन्यात कोरडा 38 आणि ओला 24 आला तर हवेत आर्द्रता तिशीच्या आसपास. पावसाच्या तोंडावर कोरडा 32 आणि ओला 27 आला तर ती सत्तरीकडं. लोक 38 ला घाबरतात आणि 32 ला निर्धास्त होतात. पण ओल्याचा आकडा जितका चढा तितका घाम कमी उडतो. खेळांसाठी उष्णतेचा जो निर्देशांक वापरतात त्यात उन्हात 70 टक्के भार याच ओल्या आकड्याला आहे. ढगाळ, दमट सकाळी मुलं अचानक गळाठतात ती यामुळंच.

पाणी किती, केव्हा

गेलेलं सगळं पाणी सराव चालू असतानाच भरून काढायचं नाही. पोट तेवढं पुढं ढकलत नाही, नुसतं डुचमळतं. घट 2 टक्क्यांच्या आत राहील एवढंच बघायचं. वरचाच पोरगा दीड तास धावणार असेल तर घाम सुमारे 2.8 लिटर. 61 किलोचे 2 टक्के म्हणजे 1.2. उरले 1.6 लिटर. म्हणजे दर 15 मिनिटांनी साधारण 270 मिली, सव्वा ग्लास. हे बऱ्याच पोटांना जड जातं, म्हणून आठवड्याभरात 150 मिलीपासून हळूहळू चढवत न्या. नाहीच झेपलं तर सराव सकाळी तासभर आधी ओढा. उन्हाशी हट्ट धरून काही मिळत नाही. माठाचं पाणी चांगलं, बर्फाचंच हवं असं नाही.

वजन वाढता कामा नये, ही अट पक्की धरा. सरावानंतर कोणी आधीपेक्षा जड भरला तर त्यानं गरजेपेक्षा जास्त पाणी प्यायलं आहे. साधं पाणी घटाघटा पीत राहिल्यानं रक्तातलं सोडियम पातळ होतं, डोकं दुखतं, उलट्या होतात, आणि प्रकरण गंभीर होऊ शकतं. हळू धावणाऱ्या आणि तीन-चार तास मैदानावर असणाऱ्या माणसाला हा धोका जास्त असतो.

सराव संपल्यावर एक किलो घटीमागं सव्वा ते दीड लिटर, पुढच्या दोन-चार तासांत थोडं थोडं. जास्तीचं अशासाठी की प्यायलेल्यातलं काही लघवीवाटे जातंच. मीठ पोटात गेलं तर पाणी अंगात टिकतं. एक लिटर घामात ढोबळमानानं अडीच ग्रॅम मीठ जातं, पण माणसामाणसांत फरक मोठा. टी-शर्टवर जाड पांढरे वळे उमटणारा खारट घामाचा. भाकरी, पिठलं, ठेचा आणि मीठ घातलेलं ताक एवढ्यावर बहुतेकांची भरपाई होते. मिठाच्या गोळ्या नुसत्या चघळू नका.

दिवसातून दोनदा सराव असेल आणि मध्ये जेवण उतरत नसेल तर ओआरएस घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं 20.5 ग्रॅमचं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यात टाकायचं. अर्धं पाकीट अंदाजानं ग्लासात टाकलं की ते दाट होतं आणि उलट पोट बिघडवतं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सपाट सहा चमचे साखर आणि सपाट अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. आकर्षक खोक्यातलं गोड फळपेय त्याची जागा घेऊ शकत नाही.

भरतीच्या पोरांसाठी

पोलीस भरतीची सोळाशे मीटरची धाव पाच-सहा मिनिटांची असते. तेवढ्यात कोणाचंही पाणी संपत नाही, त्यामुळं धावेआधी अर्धी बाटली ढोसणं म्हणजे पोटात वजन घेऊन पळणं. हाच नियम मोठ्या धावपटूंनाही लागू आहे. बीड जिल्ह्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेनं 2024 मध्ये पॅरिस डायमंड लीगला 3000 मीटर स्टीपलचेस 8 मिनिटं 9.91 सेकंदांत संपवली, तिथंही शर्यतीत पाणी पिण्याचा प्रश्नच येत नाही. पाण्याचा हिशेब लागतो तो रोजच्या तासा-दीड तासाच्या तयारीला, कारण कालची घट आज भरलेली नसते. त्यासाठी सकाळी लघवी झाल्यावर, काही न खाता-पिता, रोज वजन लिहा. चार-पाच दिवसांच्या सरासरीपेक्षा एक टक्क्याहून जास्त उतरलं आणि लघवीही गडद असेल तर आदल्या दिवशी पाणी कमी पडलं. मुलींमध्ये पाळीच्या आसपास वजन वरखाली होतं, ते वेगळं लिहा. बी जीवनसत्त्वाची गोळी घेतली असेल तर लघवीच्या रंगावर जाऊ नका.

जॅकेट किंवा रबरी सूट घालून धावल्यानं वजन उतरतं ते पाण्याचं, चरबीचं नाही. दोन तांबे पाणी प्यालं की ते परत येतं. वजनगटासाठी असं करणाऱ्या पैलवानांनाही हेच लागू आहे, आणि उन्हात ते जिवावर बेतू शकतं.

कोणी असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा कोसळला, तर वजन-बिजन बाजूला ठेवा. 108 ला फोन लावा आणि गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत घ्या आणि थंड पाण्याच्या हौदात किंवा टबात मानेपर्यंत बसवा, डोकं धरून. हौद नसेल तर अंगभर पाणी ओतत सतत वारा घाला. बेशुद्धाच्या तोंडात पाणी घालायचं नाही. घाम येतोय म्हणजे उष्माघात नाही, असं समजू नका. धावताना झालेल्या उष्माघातात अंग घामानं ओलं असू शकतं.

आकडा जुना होतो

रोज उन्हात सराव केला की 10 ते 14 दिवसांत शरीर उन्हाला सरावतं. पहिल्या काही दिवसांतच रक्तातलं पाणी वाढतं, मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त येतो आणि त्यात मीठ कमी जातं. म्हणजे उन्हाला सरावलेल्या खेळाडूला पाणी जास्त लागतं, कमी नाही. "आता सवय झाली" म्हणून बाटली घरी ठेवणारे इथंच फसतात. सराव सुटला की ही कमाई काही आठवड्यांत ओसरते.

एम.पी.एड.च्या (शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी हे करणाऱ्यांनी एका दिवसाच्या एका आकड्यावर थांबू नये. प्रत्येक खेळाडूचे निदान तीन दिवस घ्यावेत, वेळ आणि सराव तोच ठेवावा, आणि सरासरीसोबत प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, द्यावं. खो-खोचा संघ एप्रिलमध्ये आणि कबड्डीचा जुलैमध्ये मोजून दोन खेळांची तुलना करू नये. तो फरक खेळाचा नसून हवेचा असेल. अठराच्या आतल्या मुलांसाठी पालकांची लेखी संमती आधी घ्या.

वहीत तारीख, वेळ, कोरडा-ओला आकडा, वजन आधी, वजन नंतर, बाटली आधी, बाटली नंतर, मिनिटं आणि शेरा एवढे रकाने आखा. शेऱ्यात वारा, ढग, मैदानाची माती, कपडे. पहिलं मोजमाप मार्चअखेर, दुसरं उन्हाला सरावल्यावर, आणि तिसरं मृगाच्या पहिल्या पावसानंतर, ओला तापमापक 25 च्या वर गेला की लगेच.