रॉकबॉक्समध्ये ६४ जीबीचं कार्ड दिसत नसेल तर

सान्सा क्लिप प्लस या छोट्या म्युझिक प्लेअरवर रॉकबॉक्स (प्लेअरच्या मूळ सॉफ्टवेअरऐवजी चालणारं मोफत सॉफ्टवेअर) नीट चढलं, पण एमजी रोडवरून आणलेलं नवं ६४ जीबीचं मायक्रोएसडी कार्ड प्लेअर वाचतच नाही? कार्ड परत करायला धावू नका. ही कार्डं एक्सफॅट या फाइल सिस्टिममध्ये (फाइल्स साठवण्याच्या रचनेत) फॉरमॅट होऊन येतात आणि या प्लेअरवर रॉकबॉक्सला फॅट३२ ही फाइल सिस्टिम लागते.

१. कार्डावर काही असेल तर आधी कॉम्प्युटरवर उतरवा. फॉरमॅटमध्ये सगळं पुसलं जातं.
२. विंडोजच्या नेहमीच्या फॉरमॅट खिडकीत ३२ जीबीच्या वर फॅट३२ हा पर्याय बहुधा दिसतच नाही. रुफस हे मोफत सॉफ्टवेअर घ्या, बूट सिलेक्शनमध्ये ‘नॉन बूटेबल’ आणि फाइल सिस्टिममध्ये फॅट३२ निवडा.
३. गाणी भरा, कार्ड लावा.
४. प्लेअरवर रॉकबॉक्सच्या मेनूत क्रमाने जा: सेटिंग्ज, जनरल सेटिंग्ज, डेटाबेस (गाण्यांची यादी), इनिशियलाइझ नाऊ. हे विसरलात तर कार्ड दिसतं, पण डेटाबेसमध्ये नवी गाणी येत नाहीत.

अभंगांची नावं चौकोनी डब्यांसारखी दिसली तर रॉकबॉक्सचा फॉन्टसंच टाकून त्यातला देवनागरी अक्षरं असलेला युनिफॉन्ट लावा. पंचवटी एक्सप्रेसच्या गर्दीत पडद्यावर नाव वाचता येणं फार मोलाचं.

रुफसमध्ये स्टार्ट दाबण्याआधी ड्राइव्हचं अक्षर आणि जीबीचा आकडा दोनदा बघा. प्लेअरही जोडलेला असेल तर चुकून त्याचीच मेमरी निवडली जाते आणि रॉकबॉक्स ज्यात असतं ते ‘.रॉकबॉक्स’ फोल्डर उडतं. कार्ड फॉरमॅट करताना प्लेअर काढूनच ठेवा.