ओटीपी कोणाच्या मोबाईलवर जातो?

“हे तुयंच हाय काय, पाय बरं,” म्हणत सेवा केंद्रातल्या दादाने स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी गेले होते उत्पन्नाच्या दाखल्यासाठी. त्याच्या इनबॉक्समध्ये न वाचलेल्या मेलचा ढीग होता. कोणाचा पीक विमा, कोणाची स्कॉलरशिप, कोणाचं पॅन कार्ड, आणि त्या ढिगात माझं नाव. एका मोठ्या आयटी कंपनीच्या फ्रेशर भरतीची ऑनलाइन टेस्ट. लिंक ७२ तास चालणार होती. मेल येऊन अकरा दिवस झाले होते.

ही गोष्ट २०२३ च्या जुलैतली. आता मी नागपूरजवळ बुटीबोरीत एका गोदामाच्या ऑफिसात एमआयएसचं, म्हणजे रोजची आकडेवारी जमवून रिपोर्ट काढायचं, काम करते. दिवसभर एक्सेल, थोडं एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा), संध्याकाळी साहेबांना जाणारा रिपोर्ट. तेही अप्रेंटिस म्हणून, वर्ष संपत आलंय आणि पुढचं पत्र अजून हातात नाही. म्हणजे मी काही गड जिंकून बसलेली नाही. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातल्या गावातून बी.एस्सी. करून, कोणाची ओळख नसताना इथवर यायला मला तीन वर्षं लागली, आणि त्यातलं अख्खं पहिलं वर्ष असल्या फॉर्मांपायी वाया गेलं. म्हणून बाकीचं थोडक्यात सांगेन, हे मात्र लांबण लावून सांगणार आहे.

त्या भरतीचा फॉर्म भरला तेव्हा माझा मेल आयडी होता, पण बारावीत काढलेला, पासवर्ड आठवत नव्हता. घरात मोबाईल दोन. पप्पांचा साधा, फवारणीला जाताना पन्नीत गुंडाळून खिशात. भावाचा स्मार्टफोन भावासोबत वावरात, नाहीतर पानठेल्यावर. दादा म्हणाला, “माह्याच टाकतो आयडी, टेन्शन नोको घेऊ.” मी घेतलं नाही. त्याने ५० रुपये घेतले, फॉर्म भरला, प्रिंट दिली. ती प्रिंट मी देवघरात ठेवली होती, हसू नका. नाव माझं, मार्क माझे, फोटो माझा, आणि मोबाईल नंबर त्याचा. असे सात फॉर्म मी वर्षभरात भरले आणि कोणाचंच काही येत नाही म्हणून रडले.

दादावर राग काढून काय होणार? त्याच्याकडे दिवसभर रांग असते, आणि तो नसता तर फॉर्मच गेले नसते. माझं चुकलं ते इथे, की दाखल्याची सवय मी नोकरीच्या अर्जाला लावली. दाखल्याचं कसं, अर्ज केला, निघाला, घेऊन आलो. नोकरीचा अर्ज भरला की खरं काम तिथून सुरू होतं. मेल कन्फर्म करा, टेस्टची लिंक उघडा, स्लॉट निवडा, कागद अपलोड करा, इंटरव्ह्यूची वेळ कळवा, आणि जवळजवळ प्रत्येक पायरीला ओटीपी. तो दुसऱ्याच्या खिशात वाजत असेल तर तुम्ही रांगेत उभेच नाही.

तर आता नीट ऐका. सिम स्वतःच्या नावावर घ्या, स्वतःच्या हँडसेटमध्ये टाका. हँडसेट जुनापुराणा असला तरी चालतो, ओटीपी साध्या मोबाईलवरही येतो. रिचार्ज तुटू देऊ नका. फार दिवस बंद पडलेलं सिम कंपनी काढून घेते आणि तोच नंबर पुढे दुसऱ्या कोणाला मिळतो. माझ्या मैत्रिणीच्या जुन्या नंबरवर आता भलताच माणूस बोलतो आणि तिचं जॉब पोर्टलचं खातं त्याच नंबरला बांधलेलं आहे. नंबर बदलायचाच असेल तर जुनं सिम चालू असतानाच आधी सगळीकडे नवा टाकायचा, मग जुनं सोडायचं. उलटं केलं की बसा बोंबलत. मेल नवीन काढा, नाव सरळ ठेवा, त्याला आपलाच नंबर जोडा आणि पासवर्ड वहीत लिहून ठेवा. कोणी म्हणेल वहीत लिहू नये. बरोबर आहे, पण विसरून कुलूप लागण्यापेक्षा आईच्या पेटीतली वही बरी. आधारलाही स्वतःचाच नंबर जोडून घ्या, कारण डिजिलॉकर, म्हणजे कागद मोबाईलवर ठेवायचं सरकारी अॅप, उघडायचं तर ओटीपी तिथेच येतो, आणि कागद तपासायच्या दिवशी मार्कशीट शोधत गावाला पळावं लागत नाही. मग रोज, अगदी रोज, मेल पाहायचा. स्पॅमसकट. इंटरव्ह्यूचे मेल तिथेही जाऊन बसतात.

मुलींना घरून एक अडचण येते ती मला माहीत आहे. “नंबर बाहेर गेला तं पोट्टे फोन करतात,” हे आमच्याकडे आईचं म्हणणं होतं, आणि ते काही खोटं नव्हतं. मी नोकरीपुरतं वेगळं सिम घेतलं. तो नंबर ना व्हॉट्सअॅपला, ना नातेवाइकांना. आईला दाखवलं की यावर फक्त ऑफिसवाले बोलतात. पहिले चार महिने कोणीच बोललं नाही, तेव्हा तिलाच वाईट वाटायला लागलं.

नंबर-मेल जाग्यावर आले तरी फोन येईना, कारण दुसरी गंमत बाकी होती. माझा बायोडाटा झेरॉक्सवाल्याकडे टाइप केलेला, प्रिंट काढून सही केलेली, आणि मग मोबाईलने फोटो काढून पीडीएफ बनवलेली. दिसायला पीडीएफ, असायला फोटो. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं, मग माणूस. फोटोतली अक्षरं त्या सॉफ्टवेअरला वाचता येतीलच असं नाही. त्याच्या लेखी माझा कागद बहुतेक कोराच होता. ओळखायची सोपी युक्ती आहे. मोबाईलवर पीडीएफ उघडा, एखाद्या शब्दावर बोट दाबून धरा. शब्द निळा झाला तर बहुतेक ठीक. नाही झाला तर तो फोटो आहे, फेका. गूगल डॉक्समध्ये नव्याने टाइप करा आणि तिथूनच पीडीएफ उतरवा. दोन रकाने, रंगीत पट्ट्या, मार्कांचे गोल असलं काही नको. आणि वडिलांचा व्यवसाय, धर्म, छंद वाचन, “वरील सर्व माहिती खरी आहे” हे सगळं काढून टाका. ती जागा कामासाठी ठेवा.

पण काम कुठून आणायचं? फ्रेशर म्हणजे काय लिहिणार? यावर मी फार डोकं खपवलं. एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट होतं, टायपिंगचं मिनिटाला ४० शब्दांचं होतं, स्वयम पोर्टलवर एक कोर्स केला होता. ते सगळं लिहिलं. कोणी विचारलं नाही. विचारलं ते जिनिंगबद्दल.

२०२४-२५ च्या हंगामात मी जवळच्या जिनिंगच्या, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्याच्या, वजनकाट्यावर होते. तिथे सीसीआयची, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाची, खरेदी चालायची. भरलेली गाडी, रिकामी गाडी, निव्वळ कापूस, ओलावा, भाव. त्या वर्षी लांब धाग्याचा हमीभाव ७,५२१ रुपये होता. ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला की पूर्ण भाव, पुढे प्रत्येक टक्क्याला भावात एक टक्का कपात, १२ च्या वर गाडी परत. १० टक्के ओलावा निघाला की क्विंटलला ७,३७०.५८. कास्तकार काट्यावरच भांडायचा, “सकाळी दव पडलं बाप्पा, माह्या कापूस कोरडा हाय,” आणि मुनीमकाका कॅल्क्युलेटर घेऊन त्याच्यासमोर गणित करायचे. मी एक्सेलमध्ये ओलाव्याचा आकडा टाकला की भाव निघेल असं सूत्र बसवलं. काकांनी आठ दिवस विश्वास ठेवला नाही, दोन्हीकडून करून पाहायचे. मग कॅल्क्युलेटर ठेवून दिला आणि मला पिव्हट टेबल (एक्सेलमध्ये मोठ्या यादीचा झटपट गोषवारा काढायची सोय) शिकवलं, जे त्यांना येत होतं आणि मला नाही! मला भेटलेला एकमेव मेंटॉर तो माणूस. फी म्हणून रोज एक चहा, तोही तेच पाजायचे.

एका रात्री दिवसाची बेरीज एका गाडीने कमी आली. अकरा वाजेपर्यंत पावत्या चाळल्या, सगळ्या गाड्या होत्या. मग दिसलं की निव्वळच्या रकान्यात एक आकडा डावीकडे चिकटलाय, बाकी सगळे उजवीकडे. मी शून्याऐवजी इंग्रजी ओ टाइप केला होता. एक्सेलने तो शब्द समजून बेरजेतून गुपचूप वगळला होता. दुसऱ्या दिवशी त्या रकान्याला डेटा व्हॅलिडेशन लावलं, आकड्याशिवाय काही घेतच नाही.

बुटीबोरीच्या इंटरव्ह्यूत साहेबांनी विचारलं, काय केलंय? मी मोडक्या इंग्रजीत सुरू केलं, मध्येच मराठीत घसरले आणि हा ओ सांगितला. पुढची दहा मिनिटं त्यावरच गेली. मग त्यांनी लॅपटॉप पुढे सरकवला, म्हणाले पिव्हट करून दाखवा. हात थरथरत होता, पण केलं.

म्हणून सांगते, तुमच्या आसपास कुठेतरी हिशोब चालतोच. दूध डेअरी, बचतगट, कृषी केंद्र, शाळेची पोषण आहाराची नोंद. तो एक हंगाम कॉम्प्युटरवर करून पाहा. पैसे नाही मिळाले तरी चालेल. (पप्पा हे वाक्य वाचून चिडतील. फुकट राबवून घेणाऱ्याकडे दोन महिन्यांच्या वर थांबू नका, हेही लिहिते.)

इन्स्टाग्रामवरच्या ४९९ रुपयांच्या मेंटॉरशिपबद्दल मला चांगलं बोलता येत नाही, त्यामुळे बोलत नाही. पुण्याच्या क्लासला कर्ज काढून जाणाऱ्यांना एवढंच, की आधी इथेच फुकटातलं दोन महिने नेटाने करून पाहा. आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स असलेलं एनपीटीईएल आहे, इन्फोसिस कंपनीचं स्प्रिंगबोर्ड आहे. तिथे टिकलात तर क्लासचा उपयोग होईल. एआयने रिझ्युमे लिहून घेऊ नका. आमच्या बॅचच्या सहा जणांच्या रिझ्युमेत पहिलं वाक्य एकच होतं. त्याच्याकडून इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारून घ्या, सूत्र का चुकलं ते विचारा, त्यात तो पक्का आहे. आणि नोकरी लावतो म्हणून जो पैसे मागेल, लॅपटॉपचं डिपॉझिट असो की ट्रेनिंग फी, तो चोर. पैसे गेलेच तर लाजू नका, लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. मी २,५०० रुपये पाठवता पाठवता थांबले ते केवळ भावाच्या खात्यात तेवढे नव्हते म्हणून.

अप्रेंटिसशिपला कमी समजू नका. केंद्र सरकारच्या एनएटीएस या अप्रेंटिसशिपच्या पोर्टलवर पदवीधर आणि डिप्लोमावाल्यांची नोंदणी होते. मी पाहत होते तेव्हा पदवीधराला किमान ९,००० रुपये विद्यावेतन होतं, त्यातला अर्धा वाटा सरकारचा, आणि तो आधार जोडलेल्या खात्यात येतो. पास होऊन पाच वर्षं उलटली की हे दार बंद होतं, म्हणून “पुढच्या वर्षी पाहू” करू नका. ९,००० मध्ये बुटीबोरीत राहणं कठीण आहे, खोटं कशाला बोलू. आम्ही तिघी एका खोलीत आहोत, भाजी एकीची, पोळ्या दुसरीच्या. पण रिझ्युमेवर एक खरी ओळ चढते, आणि जॉब पोर्टलवर तेवढ्यानेही फोन यायला लागतात. मला या महिन्यात दोन आले. एकाने इंग्रजी ऐकून ठेवला, दुसऱ्याने टेस्टची लिंक पाठवलीय, ४८ तासांची. गावच्या भरवशावर अशी टेस्ट देऊ नका, लाइट कधी जाईल नेम नाही. कॅमेऱ्याचा लॅपटॉप लागतो, कॉलेजची लॅब मागा, प्राचार्यांना अर्ज द्या, बहुतेक जण नाही म्हणत नाहीत.

परवा मामाच्या मुलीचा फोन आला, सेवा केंद्रातूनच. मागे प्रिंटरचा आवाज येत होता.

“ताई, फॉर्ममध्ये नंबर कोणता टाकू? हे दादा म्हणते, माह्याच टाकतो.”

“तुझं सिम कुठंय?”

“पप्पाच्या नावावर आहे. अन् रिचार्ज संपला.”

मी तिला म्हटलं, फॉर्मची शेवटची तारीख विचार. तिने विचारली. नऊ दिवस बाकी होते. “मग आज भरू नको,” म्हटलं, “आधार घे अन् सरळ दारव्ह्याला जा.”