थंडीतले प्राग आणि तंबूतला मुक्काम

ऑक्टोबरच्या अखेरीस तंबूत राहून प्राग पाहायचे असेल, तर संध्याकाळी परतल्यावर ऊब देणारी खोली आपल्यापाशी नसते, हे आखणी करतानाच ध्यानात ठेवावे. हॉटेलात उतरलेला प्रवासी दिवसभर गारठला तरी रात्री सावरतो. तंबूत राहणाऱ्याने मात्र मुळात गारठूच नये.

शहराच्या उत्तरेकडील त्रोया भागात, व्लतावा नदीपासून जवळच, घरांच्या बागांमध्ये तंबू ठोकण्याच्या लहान लहान जागा आहेत आणि तिथून ट्रामने जुन्या शहरात जाता येते. थंडीत सगळ्याच जागा चालू नसतात, म्हणून आधी ईमेल पाठवून खात्री करून घ्यावी आणि गरम पाण्याची सोय आहे का, हेही विचारावे. विमानात गॅसचे कॅनिस्टर नेता येत नसल्यामुळे ते तिथेच विकत घ्यावे लागते. घेताना प्रोपेन मिसळलेलेच घ्यावे, कारण निव्वळ ब्यूटेनचा शून्य अंशाच्या आसपास नीट वायू होत नाही आणि शेगडी मंदावते. शेगडी तंबूच्या आत कधीही पेटवू नये; आगीइतकाच कार्बन मोनॉक्साइडचाही धोका असतो.

सह्याद्रीत डिसेंबरात तंबू लावलेल्यांना थंडी नवी नसते, परंतु इथे जमिनीतून येणारा गारवा आणि नदीकाठचा ओलावा जास्त त्रास देतो. त्यामुळे स्लीपिंग बॅगइतकाच खर्च खालच्या मॅटवर करावा. बॅगेवर छापलेल्या तापमानांपैकी ‘कम्फर्ट’चा (आरामात झोप लागेल असा) आकडा खरा मानावा, ‘लिमिट’च्या (जेमतेम निभावेल अशा) भरवशावर राहू नये. तंबूची हवेची फट थंडी वाजली तरी उघडी ठेवावी, नाहीतर श्वासातली वाफ कापडावर साचते आणि पहाटे अंथरूण ओले होते.

सकाळी टेकडीवरच्या प्रागच्या किल्ल्यापर्यंत चढून जाण्याचा मोह टाळावा. चढताना घाम येतो, आणि वर वाऱ्यात उभे राहिले की तोच घाम अंग गार करतो. बावीस क्रमांकाच्या ट्रामने ‘प्राझ्स्की ह्राद’ थांब्यावर उतरावे आणि परत येताना पायी उतरावे. अंगाला लागून सुती कपडा नको, लोकरीचा किंवा लवकर वाळणारा असावा. बुटांचे तळ खडबडीत हवेत, कारण पदपथांवरचे छोटे दगड ओले झाले की निसरडे होतात. किल्ल्यातले संत व्हीटसचे कॅथेड्रल १३४४ मध्ये सुरू होऊन १९२९ मध्ये पूर्ण झाले. ते सावकाश पाहण्यासारखेच आहे, मात्र आत ऊब मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. अशा उंच दगडी वास्तूंत गारवा मुरलेला असतो, म्हणून टोपी आणि जाकीट हाताशी ठेवावे.

नेरुदोवा रस्त्याने उतरून किल्ल्याखालच्या माला स्त्राना भागात जेवावे. आठवड्याच्या कामाच्या दिवशी अनेक खानावळींत ‘पोलेद्नी मेन्यू’ म्हणजे दुपारचे स्वस्त जेवण मिळते. ‘ब्रांबोराचका’ हे बटाट्याचे दाट सूप अशा हवेत फार बरे वाटते. शाकाहारी असल्यास ‘बेझ मासा’, म्हणजे मांसाविना, असे सांगून सूपचे पाणी मांस उकळून केलेले आहे का, हेही विचारावे.

५१६ मीटर लांबीचा चार्ल्स पूल पोट भरल्यावर लगेच ओलांडावा, कारण दिवसातले सर्वांत बोचरे वारे तिथेच लागते. पलीकडच्या टोकाला क्लेमेंटिनुम हा जुन्या जेझुइट महाविद्यालयाचा इमारतसमूह आहे. तिथे १७७५ पासून रोजच्या तापमानाची नोंद अखंड होत आली आहे, तेव्हा आपण सोसत असलेल्या थंडीचा हिशोबही तिथे मांडला जात असतो. पुढे जुन्या शहराच्या चौकात १४१० मधले खगोलीय घड्याळ लागते. त्यातल्या बाहुल्या सकाळी नऊपासून तासातासाला हलतात. अर्धा तास आधी जाऊन ताटकळू नये, पाच मिनिटे पुरेत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि मग पाचच्या आतच सूर्य मावळतो. तेव्हापासूनचा वेळ छताखाली काढावा: व्हाक्लाव चौकाच्या वरच्या टोकाचे राष्ट्रीय संग्रहालय उघडे असेल तर तिथे, नाहीतर १९१२ मध्ये पूर्ण झालेल्या ओबेत्स्नी दूम या नगरभवनातील कॅफेत. रात्रीचे जेवणही शहरातच गरमागरम उरकावे. तंबूत शिरण्यापूर्वी थोडे भरभर चालून अंग तापवावे, कारण स्लीपिंग बॅग स्वतः ऊब निर्माण करत नाही, आपलीच ऊब धरून ठेवते. झोपण्यासाठी राखलेले कोरडे मोजे दिवसा कितीही गरज वाटली तरी वापरू नयेत, आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून ती पायांशी ठेवावी.