जुनी जर्मन गाडी घरी दुरुस्त करताय? या चुका टाळा

पन्नास वर्षांच्या गाडीत बिघाड असणारच. पण घरी दुरुस्तीला घेतलेल्या गाड्या बघितल्या की कळतं, त्यातले बरेच बिघाड नंतर घातलेले असतात. गाडी मिसिंग मारते म्हणून आधी प्लग बदलले जातात, मग कॉइल, मग कार्ब्युरेटरची पाळी येते. मूळ दुखणं शेवटी टॅपेटमध्ये, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या मोकळिकीत सापडतं. तोवर चांगला चालणारा जुना कार्ब्युरेटर जाऊन त्याच्या जागी कुठला तरी नकली बसलेला असतो आणि एका बिघाडाचे दोन झालेले असतात.

फोक्सवॅगनची बीटल असो, मर्सिडीजची डब्ल्यू १२३ असो की हवेवर थंड होणारी पोर्शे ९११, कारखान्याने जवळजवळ प्रत्येक गोष्टीचा आकडा देऊन ठेवला आहे: गॅप किती, टायमिंगचा कोन किती, बोल्ट किती आवळायचा. तो आकडा न बघता सुटा भाग बदलणं ही पहिली चूक, आणि पुढच्या बहुतेक चुका तिच्याच पोटी जन्मतात. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या), मल्टिमीटर, टायमिंग लाइट, टॉर्क रेंच (ठरावीक जोराने आवळायचा पाना) आणि नेमक्या त्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल हाताशी असल्याशिवाय काम सुरू करू नका.

एकाच वेळी सगळी गाडी खोलणं

उत्साहात गाडी सुटी होते दोन आठवड्यांत, आणि मग वर्षानुवर्षं खोक्यांतच राहते. अर्धवट सोडलेल्या, सुट्या भागांसकट विकायला निघालेल्या गाड्या असतात त्या अशाच. पत्रा खरोखर कुजलेला नसेल तर एका वेळी एकच काम हातात घ्या आणि ते संपवून गाडी पुन्हा चालती करा. क्रमही महत्त्वाचा: आधी ब्रेक, मग इंधनाच्या नळ्या, मग वायरिंग. इंजिन सर्वांत आकर्षक असतं म्हणून सगळे तिथून सुरुवात करतात, आणि छान फायरिंग होणारी पण न थांबणारी गाडी तयार होते.

दिसायला चांगली आहे म्हणून पेट्रोलची नळी ठेवणं

जुन्या जर्मन गाड्यांत कापडी विणीचं आवरण असलेली रबरी नळी असते. बाहेरचं कापड शाबूत दिसतं आणि आतलं रबर चिरलेलं असतं. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने हे अजून लवकर होतं. या नळ्या बघून ठरवायच्या नसतात, वयावर बदलायच्या असतात. नवी घेताना इथेनॉल सोसणारी आहे याची खात्री करा आणि आतला व्यास जुळवून घ्या. बीटलची बारीक नळी असते, तिथे जाड नळी क्लॅम्प आवळून बसवली तरी गळते.

बीटलमध्ये अजून दोन गोष्टी. पेट्रोल फिल्टर इंजिनाच्या खोलीत लटकवू नका. त्याच्या वजनाने आणि थरथरीने नळी ओढली जाते, आणि खाली प्लगांना वीज वाटणारा डिस्ट्रिब्युटर ठिणग्या पाडत बसलेला असतो. फिल्टर गाडीखाली, इंजिनाच्या पत्र्याच्या अलीकडे हवा. दुसरं, कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल आत घेणारी पितळी नळी नुसती दाबून बसवलेली असते. ती बोटाने हलवून बघा. ढिली असेल तर कार्ब्युरेटर दुरुस्त झाल्याशिवाय गाडी चालवू नका. बीटलचा क्रँककेस (इंजिनाचं मुख्य कवच) मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा असतो. तो पेटला की साध्या उपायांनी विझत नाही.

गंजावर काळा थर फासणं

अंडरसील, म्हणजे गाडीच्या पोटाला लावायचा काळा थर, हा गंजावरचा उपाय नाही. गंजावर तो फासला की ओल आत कोंडते आणि पत्रा नजरेआड कुजत राहतो. विकत घेतलेल्या गाडीच्या पोटाला नवाकोरा काळा थर दिसला तर आनंद मानू नका, संशय घ्या. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो, कुजलेला बद्द आवाज देतो. चुंबक चिकटला नाही तर आत पुट्टी आहे.

कुठे शोधायचं हेही मॉडेलनुसार ठरलेलं आहे. बीटलमध्ये दारांखालचे हीटर चॅनेल आणि मागच्या सीटखाली बॅटरी बसते तो तळाचा पत्रा. डब्ल्यू १२३ मध्ये जॅक लावायच्या जागा, मागच्या काचेभोवतीची कड, पुढच्या मडगार्डच्या आतली बाजू. सनरूफ असेल तर त्याचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या तुंबतात आणि पाणी भलतीकडे मुरतं. त्या साफ करताना हवेचा जोरदार झोत मारू नका, आतल्या जोडावरून नळी निसटते. लवचीक नायलॉनची दोरी हळूहळू सरकवणं पुरतं.

बीटलच्या हीटर चॅनेलबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथे गाडी कायमची वाकडी होते. नावावरून तो गरम हवेचा बोगदा वाटतो, आणि आहेही. पण तोच बॉडीचा कणाही आहे. दोन्ही बाजूंचे चॅनेल एकदम कापले की बॉडी मधोमध खचते. नवा चॅनेल सुबक वेल्ड होतो, आणि मग दार लागत नाही. कापण्यापूर्वी दारांच्या फटी मोजून लिहून ठेवा, दाराच्या चौकटीत लोखंडी आडवे-तिरके पाइप वेल्ड करून ती जखडा, बॉडी तळाला बोल्टने बांधलेलीच ठेवा, आणि एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरीला हात लावा. मध्ये मध्ये दार लावून बघायचा कंटाळा करू नका. उघड्या छपराच्या बीटलला हे दुपटीने लागू, कारण तिला छताचा आधारच नाही.

वेल्डिंगपूर्वी बॅटरी काढा. बीटलची पेट्रोल टाकी पुढे असते, तेव्हा पुढच्या भागातलं काम टाकी उतरवल्याशिवाय नको. पत्रा क्लोरिनयुक्त ब्रेक क्लीनरने पुसून लगेच वेल्ड करणं तर जिवावर बेतू शकतं: आर्कच्या उष्णतेने त्यातून फॉस्जीन हा विषारी वायू तयार होतो. डब्यावरचं लेबल वाचा.

सगळं रंगवून झालं की पोकळ भागांत पातळ मेण फवारा आणि पाणी निघायची भोकं मोकळी राहिली आहेत ना, ते बघा. ही भोकं मेणाने किंवा पुट्टीने बुजवणारेही महाभाग आहेत.

काळी वायर म्हणजे अर्थ, असं समजणं

जर्मन वायरिंगला लोक उगाच घाबरतात. खरं तर इतकं शिस्तशीर वायरिंग जुन्या गाड्यांत क्वचित सापडतं. अट एकच, त्याची भाषा आधी शिकून घ्यायची. या गाड्यांत अर्थची, म्हणजे वीज बॉडीतून बॅटरीच्या मायनसकडे परत नेणारी वायर तपकिरी असते. लाल म्हणजे बॅटरीचा कायमचा प्लस. काळी बहुधा चावी फिरवल्यावर जिवंत होते. आता काळ्या वायरला अर्थ समजून कोणी बॉडीला जोडली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

टर्मिनलवर आकडेही असतात, आणि ते मेक बदलला तरी बदलत नाहीत: ३० म्हणजे कायमचा प्लस, १५ म्हणजे चावीनंतरचा, ३१ म्हणजे अर्थ, ५० म्हणजे सेल्फ, ५६ए अपर, ५६बी डिपर, ५८ पार्किंग आणि टेललाइट. एवढे पाठ झाले की वायरिंगचा नकाशा वाचता येतो.

दिवे मंद आहेत, इंडिकेटर लावला की टेललाइट लुकलुकते, वायपर रडतखडत चालतो: अशा वेळी मोटर किंवा स्विच मागवायच्या आधी अर्थ तपासा. दिवा चालू ठेवून मल्टिमीटरची एक टोकणी बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरी दिव्याच्या तपकिरी वायरवर धरा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर दोष अर्थच्या जोडात आहे. बोल्ट काढा, पत्रा चकचकीत घासा, पुन्हा आवळा. फुकटात होणारं काम आहे, म्हणूनच बहुधा कोणी करत नाही.

फ्यूजचंही तसंच. टोकदार चिनी मातीचे फ्यूज न जळताही त्यांची टोकं आणि त्यांना धरणाऱ्या पट्ट्या काळ्या पडतात. वीज अडते, जोड तापतो, फ्यूजबॉक्स वितळतो. पांढरा ८ अँपिअरचा फ्यूज सारखा त्रास देतो म्हणून तिथे १६ चा लाल बसवणं म्हणजे वायरलाच फ्यूज करणं. फ्यूज जागेवर गोल फिरवा. दिवा लागला तर आजार कळला. पट्ट्या साफ करा आणि सगळे फ्यूज एकदम नवे घाला.

गरम बीटल सेल्फ मारताना नुसती टिक करते तेव्हा सेल्फचाच बळी जातो. आधी ५० नंबरच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोचतात ते मोजा. ही वायर मागून पुढे चावीच्या स्विचपर्यंत आणि परत मागे असा लांबचा प्रवास करते, त्यात व्होल्टेज गळतं. एक रिले बसवला की काम होतं. गिअरबॉक्सच्या नाकाला असलेली विणलेली अर्थपट्टीही बघा. गिअरबॉक्स रबरावर बसलेला असतो. पट्टी तुटली तर परतीची वीज क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढते, आणि केबल का तापते, हे कोडं पडतं.

सहा व्होल्टची जुनी बीटल असेल तर बॅटरीच्या केबल तपासा. तेवढ्याच कामाला बारा व्होल्टच्या दुप्पट करंट लागतो, आणि दुकानात सहज मिळणारी बारा व्होल्टची केबल त्याला बारीक पडते. सहा व्होल्ट म्हणजे अंधूक दिवे ही समजूत बहुतांशी अशा केबलींमुळेच पसरली असावी. योग्य जाडीच्या तारा आणि स्वच्छ जोड असले की ती यंत्रणा बरी चालते.

बीटलच्या बॅटरीवरचं झाकण हरवलं असेल तर आजच करून घ्या. मागच्या सीटवर वजनदार माणूस बसला की सीटच्या स्प्रिंगा बॅटरीच्या टर्मिनलला टेकतात, आणि सीटखाली गाडी पेटते.

टॅपेट वाजत नाहीत म्हणून खूश होणं

बीटलच्या १६०० इंजिनाला टॅपेटचं क्लिअरन्स (मोकळीक) ०.१५ मिलिमीटर, तेही इंजिन पूर्ण थंड असताना. जास्त झालं तर टकटक ऐकू येते, मालक अस्वस्थ होतो. कमी झालं तर इंजिन शांत चालतं, मालक खूश. खरा धोका दुसऱ्यात आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह वापराने लांबत जातो, क्लिअरन्स संपतं, व्हॉल्व्ह नीट बसत नाही आणि जळतो. एकाच व्हॉल्व्हचं क्लिअरन्स पुन्हा पुन्हा कमी होत असेल तर तो व्हॉल्व्ह तुटायच्या मार्गावर आहे. दर ५,००० किलोमीटरला ऑइल बदलताना टॅपेट तपासा. ऑइल फक्त अडीच लिटर आणि फिल्टरऐवजी नुसती जाळी, तेव्हा ऑइलचा वायदा पुढे ढकलायला इथे जागा नाही.

डिझेल डब्ल्यू १२३ सकाळी सुरू व्हायला कुरकुरते तेव्हा सगळे ग्लो प्लगवर (थंड डिझेल इंजिन सुरू करताना आतून तापवणारे प्लग) धावतात. तिथेही आवळलेले व्हॉल्व्ह कॉम्प्रेशन खातात. आधी फिलर गेज, मग ग्लो प्लग.

टायमिंगमध्ये क्रम चुकतो. पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा) गॅप बदलला की टायमिंग हलतं, म्हणून आधी ०.४ मिलिमीटरचा गॅप, नंतर टायमिंग. आणि बीटलचा व्हॅक्यूमवाला मूळ डिस्ट्रिब्युटर काढून बॉशचा प्रसिद्ध ००९ बसवू नका. त्यात फक्त वेगावर चालणारी वजनं असतात. मूळ कार्ब्युरेटरबरोबर पाय दाबताच गाडी क्षणभर गचका खाते, आणि मग लोक कार्ब्युरेटरचे जेट बदलत बसतात.

इंजिन तापतं अशी तक्रार असेल तर इंजिनाच्या पत्र्यांभोवतीची रबरी पट्टी बघा. ती नसेल तर खालची गरम हवा पंखा पुन्हा ओढून घेतो. देखणं दिसावं म्हणून हे पत्रे काढून टाकलेली इंजिनं दिसतात; ती फार काळ टिकत नाहीत.

ब्रेक सोडल्यावरही चाक धरून राहिलं तर

इथे कॅलिपर बदलला जातो, दोष रबरी होजमध्ये निघतो. होज आतून फुगते. पायाच्या दाबाने ऑइल पुढे जातं, पण परत येत नाही. चाक अडकलेलं असताना कॅलिपरचा ब्लीड स्क्रू (ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) उघडा. चाक मोकळं झालं तर होज किंवा मास्टर सिलिंडर बघा, नाही झालं तर कॅलिपर. बीटलमध्ये ब्रेक गरम झाल्यावर हळूहळू धरत असतील तर पेडलच्या दांड्याला मास्टर सिलिंडरपाशी सुमारे १ मिलिमीटर मोकळीक आहे का ते तपासा.

ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला, गाडी उभी असली तरी. डॉट हा ब्रेक ऑइलचा प्रकार; डॉट ४ च्या जागी डॉट ५ वरचढ समजून ओतू नका. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि दोन्ही मिसळत नाहीत, डॉट ५.१ हे पुन्हा वेगळंच. जुन्या ड्रममधली धूळ हवेने उडवू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा.

इतर काही फसगती

चावी काढली तरी डिझेल डब्ल्यू १२३ चालूच राहिली, तर चावीचा स्विच निर्दोष असण्याची शक्यता जास्त. ते इंजिन व्हॅक्यूमने बंद होतं, आणि दारांचं सेंट्रल लॉकिंगही त्याच व्हॅक्यूमवर चालतं. लॉकिंगची नळी काढून तोंड बंद करा. इंजिन आता चावीने बंद झालं, तर गळती एखाद्या दारात आहे. तोवर बॉनेटखालचा ‘स्टॉप’ लिहिलेला खटका वापरा.

पोर्शे ९११ चं ऑइल थंड इंजिनावर मोजून वर ओतणं ही हमखास चूक. ऑइल वेगळ्या टाकीत असतं. सपाट जागेवर, इंजिन पूर्ण गरम आणि चालू असतानाच काडी बघायची. जास्त भरलं तर ते हवेच्या मार्गात शिरतं आणि मागे पांढरा धूर सोडतं.

बीटलच्या मागच्या ॲक्सलच्या नटाचा आकडा जुन्या जर्मन मॅन्युअलमध्ये ३० मीटर-किलो आणि इंग्रजीत २१७ फूट-पाउंड असा असतो. म्हणजे २९४ न्यूटन-मीटर. न्यूटन-मीटरच्या रेंचवर २१७ लावणाऱ्यांचा नट ढिला राहतो आणि ड्रमचे दाते झिजतात.

सुटे भाग नोंदणीच्या वर्षावरून मागवू नका. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये बदलतं, त्यामुळे सप्टेंबर १९६७ ची बीटल ही १९६८ चं मॉडेल असते आणि तिचे हेडलाइट, बंपर आधीच्यांपेक्षा वेगळे असतात. चॅसी नंबर द्या. मर्सिडीजला डेटा कार्डावर रंगाचा कोडसुद्धा मिळतो.

एम२० इंजिनाची बीएमडब्ल्यू घेतली असेल आणि टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल, तर तो बदलल्याशिवाय सेल्फ मारू नका. बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात, मग मीटरवर किलोमीटर कितीही कमी असोत.

गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर दर आठवड्याला पाच मिनिटं चालू करून बंद करू नका. ऑइल तेवढ्यात तापत नाही, वाफ मात्र ऑइलमध्ये आणि सायलेन्सरमध्ये साचते. एक तर अर्धा तास रस्त्यावर फिरवून आणा, नाही तर हँडब्रेक सोडून, चाकांना अडण्या लावून, बॅटरी काढून ठेवा. पुन्हा बाहेर काढताना टायरवरचा चार आकडी कोड वाचा: २३१२ म्हणजे २०१२ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल दिसली तरी दहा वर्षांपलीकडचा टायर काढून टाका.