सर्पगंधेची रोपे ऊती संवर्धनाने: पेरापासून शेडनेटपर्यंत

सर्पगंधा विकली जाते ती मुळासाठी, आणि मूळ काढले की झाड गेले. बियांचे कवच कठीण असल्याने उगवण कमी आणि मागेपुढे होते. म्हणूनच एका खात्रीच्या झाडापासून सारखी रोपे करण्यासाठी ऊती संवर्धन (टिश्यू कल्चर, म्हणजे झाडाचा छोटा तुकडा बाटलीत जंतुविरहित वाढवणे) उपयोगी पडते. नवखे लोक सगळा जीव हार्मोनच्या मात्रेत अडकवतात, पण रोपे मरतात ती बहुधा सुरुवातीच्या स्वच्छतेत आणि शेवटच्या हार्डनिंगमध्ये, म्हणजे बाटलीतले रोप हळूहळू बाहेरच्या हवेला सरावताना.

मातृरोप जंगलातून उपटू नका, रोपवाटिकेतून पावतीसह घ्या. ते कुंडीत, छपराखाली वाढवा आणि पाणी बुडाशी द्या. पाने भिजली की बुरशी आलीच. फांद्या घेण्याच्या आठवडाभर आधी कार्बेन्डाझिम 1 ग्रॅम प्रति लिटर फवारा. भर पावसात फांद्या घेणे टाळाच.

माध्यम, म्हणजे तुकड्याला पोसणारे खाद्य, एमएस (मुराशिगे-स्कूग). तयार पावडर पाकिटावरील मात्रेने घ्या (साखर आणि माध्यम घट्ट करणारे अगार त्यात नसेल तर साधारण 4.4 ग्रॅम प्रति लिटर), त्यात साखर 30 ग्रॅम, फुटवे आणणारे हार्मोन बीएपी 2 मिलिग्रॅम आणि ऑक्सिन गटातले हार्मोन एनएए 0.2 मिलिग्रॅम. एवढे बारीक वजन थेट होत नाही. त्यासाठी 10 मिलिग्रॅम बीएपी 1 नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइडच्या काही थेंबांत पूर्ण विरघळवा आणि पाण्याने 10 मिलिलिटर करा. याचे 2 मिलिलिटर म्हणजे 2 मिलिग्रॅम. एनएएचा साठाही असाच करा. पीएच 5.8 करा आणि मगच 8 ग्रॅम अगार घाला. पीएच 5 च्या खाली गेला तर अगार नीट घट्ट होत नाही. नळ्या-बाटल्यांत भरून 121 अंशांवर, 15 पौंड दाबाने 15-20 मिनिटे ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करा. बाटल्या तीन-चार दिवस तशाच ठेवा. रिकाम्या माध्यमावर डाग दिसला तर दोष झाडाचा नाही, तुमच्या ऑटोक्लेव्हचा किंवा झाकणाचा आहे.

शेंड्याकडून तिसरे ते पाचवे पेर घ्या. पाने काढा, देठाचा ठोंब ठेवा. वाहत्या पाण्याखाली अर्धा तास, ट्वीन-20 (सौम्य साबणासारखे द्रव) च्या पाण्यात (100 मिलिलिटरला 2 थेंब) 10 मिनिटे. पुढचे काम लॅमिनारमध्ये (गाळलेल्या निर्जंतुक हवेच्या कपाटात): 70 टक्के अल्कोहोल 30 सेकंद, 0.1 टक्के मर्क्युरिक क्लोराइड 4 मिनिटे, मग निर्जंतुक पाण्याने पाच वेळा धुणे. मर्क्युरिक क्लोराइड जहाल विष आहे. हातमोजे घाला, वापरलेले द्रावण आणि पहिली धुवणे बेसिनमध्ये न ओतता वेगळ्या डब्यात साठवून घातक कचरा उचलणाऱ्यांकडे द्या.

आता दोन्ही टोके 2-3 मिलिमीटर छाटा, कारण रसायनाने ती जळलेली असतात. कापताच पांढरा चीक येतो. तो तसाच माध्यमात गेला तर बुडाशी तपकिरी कडे धरते आणि डोळा फुटत नाही. तुकडा 100 मिलिग्रॅम प्रति लिटर एस्कॉर्बिक आम्लाच्या निर्जंतुक पाण्यात काही मिनिटे ठेवा, मगच लावा. एका नळीत एकच तुकडा, सरळ उभा, डोळा माध्यमाच्या वर. सर्पगंधेच्या एका पेरावर बहुधा तीन पाने असतात, म्हणजे डोळेही तीन. छाटताना एकही खरवडला जाऊ देऊ नका.

तापमान 25 अंशांच्या आसपास, प्रकाश 16 तास, 2000-3000 लक्स. कापशी वाढ दिसली तर बुरशी, बुडाभोवती दुधाळ थर दिसला तर जिवाणू. जिवाणू कधी कधी दुसऱ्या-तिसऱ्या सबकल्चरलाच (नव्या माध्यमात हलवताना) डोके वर काढतात, कारण ते झाडाच्या आतच असतात. अशी बाटली उघडू नका, बंदच ऑटोक्लेव्ह करा.

चार आठवड्यांनी फुटवे वेगळे करून नव्या माध्यमात द्या. पाने काचेसारखी, पाणीदार झाली तर बीएपी 1 मिलिग्रॅमवर आणा आणि अगार थोडे वाढवा. बुडाशी येणारा कॅलस (पेशींचा बेढब गोळा) कापून टाका. त्यातून फुटलेली रोपे मातृरोपासारखी निघतीलच असे नाही. औषधी झाडात हा धोका पत्करू नये.

फुटवा 3-4 सेंटिमीटर झाला की अर्ध्या ताकदीचे (निम्म्या पावडरीचे) एमएस आणि मुळे फोडणारे हार्मोन आयबीए 1 मिलिग्रॅम प्रति लिटर. मुळे आली की कोमट पाण्याने अगारचा कण न् कण धुवा. उरलेल्या साखरेवर बुरशी येते आणि रोप बुडातून कुजते.

बाटलीतल्या पानांवर मेणाचा थर जवळजवळ नसतो आणि पर्णरंध्रे नीट मिटत नाहीत. म्हणून बाहेर काढलेले रोप उघड्यावर तासाभरात माना टाकते. ओलसर, निचरा होणाऱ्या कोकोपीटमध्ये लावून प्लास्टिकने झाका. पहिला आठवडा आर्द्रता 85-90 टक्के ठेवा, मग रोज थोडे थोडे उघडा. तीन-चार आठवड्यांनी माती, वाळू आणि गांडूळखताच्या पिशवीत, 50 टक्के शेडनेटखाली अजून महिना-दीड महिना. जूनअखेर लावणी हवी असेल तर बाटल्या एप्रिलच्या मध्यापर्यंत तयार हव्यात, आणि विदर्भ-मराठवाड्याच्या त्या उन्हात नुसते शेडनेट पुरत नाही; फॉगर (धुक्यासारखे पाणी फवारणारे यंत्र) किंवा ओल्या पॅडचा पंखा लागतोच.