कंपनी दिवाळखोरीत गेली? थकीत पगाराचा क्लेम असा भरा

कंपनी एनसीएलटीत (दिवाळखोरीची प्रकरणं चालवणारं राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण) गेली की लोक सांगतात, "थांबा, नवा मालक आला की पैसे मिळतील." हा सल्ला ऐकू नका. क्लेम केला नाही, तर तुमचा पगार कुणी आपणहून कंपनीच्या देण्यांच्या यादीत धरेल याची खात्री नाही. लेबर कोर्टात नवी केस टाकूनही उपयोग नाही. मोरेटोरियम (दिवाळखोरीच्या प्रक्रियेतली कायदेशीर स्थगिती) लागला की कंपनीविरुद्धचे दावे थांबतात.

आयबीबीआयच्या (दिवाळखोरी नियामक मंडळाच्या) वेबसाइटवर कंपनीची जाहीर सूचना शोधा. तीत रिझोल्यूशन प्रोफेशनलचा (या काळात कंपनी सांभाळणारा आणि क्लेम तपासणारा अधिकारी) ईमेल आणि शेवटची तारीख असते. मुदत त्याच्या नेमणुकीपासून १४ दिवसांची. ती हुकली तरी दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाल्यापासून ९० दिवस किंवा कंपनीसाठी रिझोल्यूशन प्लॅन (कंपनी घेण्याचे प्रस्ताव) मागवण्याची तारीख, यांतलं जे नंतर येईल तोपर्यंत उशिराचं कारण देऊन क्लेम करता येतो.

एकट्याने भरायचा तो फॉर्म डी, प्रतिनिधीने सगळ्यांचा मिळून भरायचा तो फॉर्म ई. युनियनने भरलाय असं कळलं तरी यादीत आपलं नाव आणि आकडा पाहिल्याशिवाय राहू नका.

नेमणूकपत्र, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट, पीएफ पासबुक जोडा.

आता रक्कम. क्लेम बिघडतात ते इथेच, आणि मलाही हे नीट उमगायला वेळ लागला. "एकूण येणे" म्हणून एकच आकडा कधीही लिहू नका. पगार, रजेचे पैसे, पीएफ, ग्रॅच्युइटी यांच्या वेगळ्या ओळी करा. कारण लिक्विडेशन (कंपनी बंद करून मालमत्ता विकणं) झालं तर प्रत्येकाची वाट वेगळी आहे.

दिवाळखोरी कायद्याच्या (आयबीसी) कलम ५३ प्रमाणे कामगारांची २४ महिन्यांची देणी तारण सोडून दिलेल्या बँकांच्या बरोबरीने येतात. बाकी कर्मचाऱ्यांचा फक्त १२ महिन्यांचा पगार, आणि तोही त्यांच्यानंतर. म्हणून ओळखपत्रावर 'एक्झिक्युटिव्ह' असलं तरी प्रत्यक्ष काम कामगाराचं असेल तर तसंच लिहा आणि ड्युटी चार्ट जोडा. हुद्द्यावर नाही, कामावर ठरतं.

आणि हे महिने लिक्विडेशनच्या तारखेपासून मागे मोजतात! जेट एअरवेजची विमानं एप्रिल २०१९ मध्ये थांबली, लिक्विडेशनचा आदेश आला नोव्हेंबर २०२४ मध्ये. तेव्हाचा थकीत पगार या खिडकीत बसतच नाही. पीएफ, पेन्शन आणि ग्रॅच्युइटी फंडाचे पैसे मात्र लिक्विडेशनच्या मालमत्तेत धरत नाहीत, त्यांना ही रांग लागू नाही. जेटच्याच प्रकरणात अपिलीय न्यायाधिकरणाने पीएफ-ग्रॅच्युइटी द्यायला सांगितली आणि जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय बदलला नाही. कंपनीने ग्रॅच्युइटीचा फंडच ठेवला नसेल तर वाद होतो, तरीही आकडा सोडू नका. पगारातून कापलेला पण भरलेला नसलेला पीएफ पासबुकवरून महिन्यागणिक दाखवा.

प्रक्रिया सुरू झाल्यानंतर काम केलं असेल, तर तो पगार या क्लेममध्ये मिसळू नका. कंपनी चालू होती आणि तुम्ही खरोखर कामावर होतात, तर तो प्रक्रियेचा खर्च धरला जातो आणि आधी मिळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने एबीजी शिपयार्डच्या प्रकरणात २०२२ मध्ये सांगितलं आहे. नुसतं हजेरीपटावर नाव असून भागत नाही. गेट पास, कामाचे ईमेल जपून ठेवा.

क्लेम ईमेलने पाठवा, पोच घ्या. नाकारला किंवा आकडा कापला तर लेखी कारण मागा आणि एनसीएलटीत अर्ज करा. पुढे लिक्विडेशन सुरू झालंच, तर लिक्विडेटरची सूचना पुन्हा वेगळी निघते. तिची तारीख पाहून त्याच्याकडेही क्लेम द्या.