लांबून मागवलेली अंडी उबवणे आणि पिल्लांचे लसीकरण

हुबळीहून किंवा कोल्हापूरहून बसच्या पार्सलने बेळगाव, खानापूर वा निपाणीला आलेली कोंबडीची अंडी थेट उबवणी यंत्रात घालू नयेत; टोकदार बाजू खाली ठेवून ती थंड जागी बारा ते चोवीस तास स्थिर ठेवावीत. त्यानंतर अंधारात रुंद टोकाला मोबाईलचा टॉर्च लावून पाहावे. हवेची पोकळी जागच्या जागी न राहता अंडे कलताच सरकत असेल, तर धक्क्याने आतला पडदा सुटलेला असतो. अशी अंडी ट्रेमध्ये उभीच ठेवून पहिले दोन-तीन दिवस फिरवू नयेत.

पंख्याच्या यंत्रात तापमान ३७.५ अंश ठेवावे. आर्द्रतेचा नेहमीचा आकडा ४५ ते ५५ टक्के असला, तरी खानापूरच्या पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की पाण्याचे भांडे बहुधा रिकामेच बरे, कारण अंड्यातले पाणी पुरेसे न उडाल्यास पिल्लू आतच गुदमरते. अठराव्या दिवशी फिरवणे थांबवून आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांवर न्यावी. एकविसाव्या दिवसाच्या आसपास पिल्ले बाहेर येतात.

मरेक्सची (पाय-पंख लुळे पाडणारा विषाणूजन्य रोग) लस पहिल्याच दिवशी मानेच्या मागे कातडीखाली टोचतात. द्रावणात मिसळलेली लस बर्फावर ठेवून तासाभरात संपवावी. मानमोडीसाठी (राणीखेत रोग) पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा या लसीचा एक थेंब डोळ्यात टाकावा आणि पिल्लाने पापणी मिटेपर्यंत ते सोडू नये. गंबोरोची (पिल्लांची रोगप्रतिकारशक्ती खच्ची करणारा विषाणूजन्य रोग) लस साधारण चौदाव्या दिवशी द्यावी. आजारी पिल्लांना लस देऊ नये, आधी पशुवैद्यांना दाखवावे.